रानकुत्र्यांची आत्या

परोपकार रक्तातच असावा लागतो. तो शिकवून येत नाही. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर आवाजात ऐकलं आहे की, आजही कुणी ते उच्चारलं तर मी नकळत सावरून बसतो. हे म्हणणारे आमचे प्राणिशास्त्राचे सर. ज्यांच्याबद्दल ते हे म्हणत, ते मेळघाटातले रानकुत्रे. स्वतः सरांनी कुणावर परोपकार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची वेगळी होती, घरून आणलेली. सुटीत गावी जाताना ती ते प्रयोगशाळेच्या कपाटात घालून कुलूप लावून जात.

सर मूळचे बाळापूरचे. नागपूरला शिकले, तिथं त्यांनी पुस्तकी मराठी कमावली आणि ती वर्गात वापरायला ठेवली. फार राग आला किंवा फार आनंद झाला की बाळापूर बाहेर येई. मधल्या अवस्था त्यांना फारशा ठाऊक नव्हत्या. अंगात खाकी कोट, पायात कॅनव्हासचे बूट, उन्हाळ्यातही. कोटाला बाहेरून चार खिसे होते आणि त्यांत काय असेल हे विचारण्याची हिंमत नव्या प्राध्यापकांपैकी एखादाच जण करी, तोही एकदाच. खिशात बहुधा कागदी पाकिटं असत आणि पाकिटांत रानकुत्र्यांची वाळलेली विष्ठा. तिच्यातले केस, हाडांचे तुकडे पाहून कुणी काय खाल्लं हे सर सांगत. विचारलं नाही तरी सांगत.

हे नमुने घरी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेले असत. राजापेठेत ते एका विधवा बाईंच्या घरी भाड्यानं राहत. सर कुत्र्यांना नावं देत नसत, नाती देत. त्यामुळे डब्यांवरच्या चिठ्ठ्या अशा: ‘धाकटी काकू’, ‘मोठे मामा’, ‘मोठे मामा, आजारपणात’. घरमालकीणबाईंनी एकदा झाडलोट करताना झाकण उघडून आत डोकावलं, आणि एवढी माणसं गमावलेल्या या एकट्या भाडेकरूबद्दल त्यांचं मन भरून आलं. पुढं दर अमावास्येला त्या ‘मोठ्या मामां’वर फूल वाहू लागल्या. सरांनी त्यांना अडवलं नाही. “त्यांची श्रद्धा आहे, माझा नमुना आहे,” ते मला म्हणाले. “दोन्ही कोरड्या जागी ठेवायचं असतं.”

सरांचा सिद्धांत साधा होता आणि त्यांनी तो बाहेरून घेतलेला नव्हता. रानकुत्रे टोळीनं राहतात. टोळीत पिल्लं बहुधा एकाच मादीला होतात, पण पोसतात सगळे. शिकार करून आलेला जो तो गुहेशी थांबतो आणि पोटातलं मांस ओकून पिल्लांपुढं टाकतो. आता, ज्याची पिल्लं नाहीत त्यानं हा उपद्व्याप का करावा? सरांचं उत्तर असं, की तो आपलंच रक्त पोसत असतो. भावाच्या पोरात आपलं काही रक्त असतं, बहिणीच्या पोरात असतं. स्वतःला पोर नसलं तरी ते रक्त पुढं जातं. ज्यांच्या अंगात हे पोसणं उपजत होतं त्यांचे भाचे-पुतणे जगले, आणि भाच्या-पुतण्यांच्या अंगात ते पुन्हा उतरलं. ज्यांच्या अंगात नव्हतं त्यांचं पुढं कुणी राहिलंच नाही. “परोपकार म्हणून जगात काही नाही,” सर म्हणत. “नातेवाईक असतात.”

हे आज ऐकायला फारसं नवं वाटणार नाही. पुढं काही वर्षांनी बाहेरच्या देशात कुणीतरी हेच गणितात मांडल्याचं माझ्या वाचनात आलं तेव्हा मी ते सरांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, “गणित बरोबर आहे का त्याचं?” मी म्हटलं, बरोबर असावं. “मग ठीक,” असं म्हणून ते कपाट उघडून खुर्ची काढू लागले.

पण तेव्हा, म्हणजे एकोणीसशे साठच्या आसपास, हा सिद्धांत संपूर्ण वऱ्हाडात एकट्या त्यांचा होता आणि ते तो सोबत घेऊन हिंडत. कुठंही कुणी कुणासाठी काही करताना दिसलं की ते जवळ जाऊन विचारत, “हा तुमचा कोण लागतो?” स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे एक गृहस्थ रोज आपल्या डब्यातली अर्धी भाजी भूगोलवाल्यांना देत. सरांनी विचारलं, कोण लागतात? “मित्र आहेत,” रसायनवाले म्हणाले. सर अस्वस्थ झाले. मित्र त्यांच्या सिद्धांतात बसत नव्हता. ते दोन आठवडे त्या दोघांना प्रश्न विचारत राहिले, तेव्हा निघालं की दोघांच्या बायका चुलत-मावस काहीतरी होत्या. त्यानंतर सर फार खुशीत होते. भाजी मात्र बंद झाली. भूगोलवाल्यांना म्हणे घास उतरेना.

एकदा आम्ही दोघं परतवाड्याच्या बसची वाट पाहत उभे होतो. एका म्हातारीचं गाठोडं बसच्या टपावर चढेना. मागं उभ्या असलेल्या एका तरण्या माणसानं ते उचलून वर फेकलं. सर लगेच त्याच्यापाशी.

“या बाई तुमच्या कोण लागतात?”

“कोनी नाई लागत,” तो म्हणाला. “मांगं लाइन खोयंबली ना.”

सर परत येऊन मला म्हणाले, “प्रामाणिक माणूस आहे.”

मी तर्कशास्त्र शिकवत असे. प्राण्यांचं मला काही कळत नव्हतं आणि याच गुणामुळे सरांनी मला साक्षीदार नेमलं होतं. “जाणकार माणूस जे दिसायला हवं तेच पाहतो. तुम्ही जे दिसेल ते पाहाल,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून नाताळची सुटी लागली की मी त्यांच्याबरोबर मेळघाटात जाई. त्या काळी रानकुत्रा मारून आणला तर सरकार बक्षीस देत असे आणि नुसता पाहून आलं तर कॉलेज रजा कापत असे. सर दोन्हीबद्दल तक्रार करत नसत. ते एका खडकावर पालथे पडून समोरच्या नाल्याच्या कडेची गुहा पाहत. मी त्यांच्या शेजारी पालथा पडून मला का पाहायचं आहे याचा विचार करी.

पण एक सांगायला हवं. सकाळी उन्हं वर येताना दूरवरून शीळ ऐकू येते, ते कुत्रे भुंकत नाहीत, शीळ घालतात. मग गवतातून तांबूस अंगं आणि झुबकेदार काळ्या शेपट्या येतात, तोंडं रक्तानं माखलेली, आणि गुहेतून पिल्लं धडपडत बाहेर पडतात. एकेक कुत्रा मान खाली घालून पोट आवळतो आणि समोर मांस टाकतो. या क्षणी सरांच्या डोळ्यांत पाणी येई. ते पुसत, कोटाच्या खिशातून ज्वारीची भाकर आणि ठेचा काढत आणि एकटेच खात. माझी भाकर मी माझी आणावी असा नियम पहिल्याच वर्षी ठरला होता.

तायडे आमच्याकडे आला तो या सगळ्याच्या मध्यावर. तो आमचाच विद्यार्थी, बार्शीटाकळीचा. बाप दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करी. छप्पन साली घर बौद्ध झालं, आणि त्यानंतर बापानं दोन गोष्टी सोडल्या, जुने देव आणि पोराला शेतात नेणं. तायडे बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाला आणि सरांनी त्याला हंगामी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं. याचं कारण समाजसुधारणा नव्हतं. त्याला बेडूक नीट चिरता येई आणि तो न बोलता बसू शके, ही दोन कारणं सरांनी मला सांगितली होती. दुसरं कारण खोटं निघालं.

पहिल्याच दिवशी सरांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. “तू कोणाचा?” सगळ्यांना विचारत, प्राचार्यांनाही विचारला होता. तायडे जागीच थबकला. मग शांतपणे म्हणाला, “बार्शीटाकळीच्या यष्टीचा, सर. तिनंच आणून सोडलं.”

सर हसले नाहीत, पण त्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं. काही दिवसांनी तायडेनं ते स्पष्टच सांगितलं. “सर, तुमी इचारता ते शास्तर असते. पण आयकनाऱ्याले ते जात इचारल्यासारखं लागते.”

सरांनी खरोखर विचार केला. “मग कसं विचारू?”

“इचारूच नका. पाहा.”

“पाहून कळत नाही ना.”

“मंग आपल्याले कळत नाई, असं लिहा.”

हे उत्तर सरांना आवडलं नाही. ‘कळत नाही’ हा शब्दप्रयोग त्यांनी तोवर शास्त्रात वापरलेला नव्हता.

आता त्या आत्याची गोष्ट. तायडे नोकरीला लागायच्या आधीच्या हिवाळ्यात सरांच्या टोळीत एक मादी दिसू लागली. सगळ्यांच्या शेपट्या काळ्या, हिच्या शेपटीचं टोक पांढरं. डावा कान फाटलेला. ती इतरांपासून जरा बाजूला बसे, खाताना शेवटी येई आणि पिल्लं अंगावर चढली तर सोसून घेई. सर दुर्बीण न काढता म्हणाले, “माहेरी आलेल्या आत्यासारखी बसली आहे.” वहीत तेवढ्यापुरतं ‘आत्या’ असं पडलं. आपल्याकडे शेजारीण मावशी होते, दूधवाला काका होतो, त्यातलाच प्रकार. चार दिवसांनी तिनं पिल्लांपुढं मांस टाकलं. सर खडकावरून उठून उभे राहिले, जे ते कधी करत नसत. आई नाही, थोरली बहीण नाही, चक्क आत्या पोसते आहे. त्या वर्षी त्यांनी जो निबंध लिहायला घेतला त्याचा कणा ही आत्या होती. निबंध इंग्रजीत असल्यामुळे तिथं ती ‘पित्याची बहीण’ झाली. वहीतलं लाडाचं नाव छापायच्या कागदावर येईपर्यंत वंशावळीत जाऊन बसलं होतं आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

पुढच्या नाताळात तायडे आमच्याबरोबर आला. आम्ही तिघं खडकावर पालथे. टोळी आली, आत्या आली, तिनं मान खाली घालून मांस टाकलं. सरांनी डोळे पुसले.

तायडे हळूच म्हणाला, “सर, हे कोन लागते?”

“आत्या.”

“कोनाची?”

“पिल्लांची. बापाची बहीण.”

“वर्गात तुमी सांगतलं होतं, सिपना नदीच्या पल्याडच्या टोळीत पांढऱ्या शेपटीची एक पाहिली मनून. आमी सेकंड इयरले होतो.”

“ती वेगळी.”

“तिचाबी डावा कान फाटला होता. तुमीच फळ्यावर काढला होता, सर. मी उतरून घेतला होता.”

सर माझ्याकडं वळले. “तुम्ही होता तेव्हा. तुम्ही काय पाहिलं?”

“कान फाटलेला होता,” मी म्हणालो. “शेपूट पांढरी होती. नदीच्या पलीकडे होती.”

“तुम्हाला जंगलातलं काही कळत नाही.”

“म्हणूनच तुम्ही मला आणता.”

सर पुन्हा समोर पाहू लागले. “सासरी गेली असेल,” ते म्हणाले. “इथलीच. पलीकडे दिली, परत आली.”

“हो ना, असू शकते,” तायडे म्हणाला. “पन हितं जनमताना पाहिली का आपन तिले? तुमी सात-आठ वर्सं झाली पाहून राहिले. पांढऱ्या टोकाचं एकबी पिल्लू या टोळीत निंगालं का?”

“नाही.”

“मंग ते आत्या नाई, सर. ते कोन हाय ते आपल्याले माईत नाई.”

समोर ती पांढऱ्या शेपटीची बाई तीन पिल्लांना खाऊ घालून, कुणाचीच कुणी नसताना, उन्हात अंग पसरून झोपली होती. सरांनी त्या दिवशी भाकर काढली नाही. पुढं काही आठवडे त्यांनी वर्गात आनुवंशिकतेचा धडा सोडून गांडूळ घेतलं.

याच सुमारास संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावलं. अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक. बोलताना ते वाक्य सुरू करत, मध्ये थांबून समोरचा ऐकतो आहे ना हे पाहत आणि मग तेच वाक्य पुन्हा सुरू करत. सर अशा ठिकाणी मला साक्षीदार म्हणून नेत, त्यामुळे हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

“आमच्या ज्ञातीचं संमेलन आहे अकोल्याला, जठारपेठेत,” अध्यक्ष म्हणाले. “आमच्या म्हणजे तुमच्याही. तुम्ही आपल्यातलेच.”

सरांनी क्षणभर आठवून पाहिलं आणि मान्य केलं.

“तर तिथं आपलं व्याख्यान व्हावं. ‘रक्तातील सद्गुण’. सहकार, त्याग, औदार्य, हे आपल्या लोकांच्या रक्तात कसं उतरलेलं आहे, हे तुम्ही शास्त्रानं सिद्ध करताच म्हणतात. तेच सांगा. शास्त्र बोललं की लोक गप्प बसतात.”

“मी रानकुत्र्यांबद्दल बोलतो,” सर म्हणाले.

“उदाहरण म्हणून घ्या ना. उदाहरणाला काय हरकत आहे.” मग अध्यक्षांनी आवाज उतरवला. “आणि तुमच्या खात्यातली ती डेमॉन्स्ट्रेटरची जागा जूनपासून कायम करतो आहोत. तुमचा तो बार्शीटाकळीचा मुलगा हुशार आहे, ऐकतो मी. आमचा भाचाही आता बी.एस्सी. झाला.” भाचा तिसऱ्या खेपेला झाला होता, हे सर्वांना माहीत होतं. “बघू. आधी व्याख्यान तर होऊ द्या.”

बाहेर आल्यावर सर फाटकापाशी बराच वेळ उभे राहिले. वर्षभरापूर्वी त्यांनी हे व्याख्यान आनंदानं दिलं असतं, आणि जागेची गोष्ट त्यांना कळलीही नसती. ते रक्तच म्हणाले असते, कारण ते रक्तच मानत होते. आता तेच म्हटलं तर तायडेची नोकरी पक्की होत होती, आणि म्हटलं नाही तर ज्या माणसानं ती आत्या नसल्याचं त्यांना दाखवलं त्याच माणसाला ते महागात पडणार होतं.

प्रयोगशाळेत जाऊन सरांनी तायडेला सगळं सांगितलं. तायडे बेसिनमध्ये तबकं धूत होता. धूतच राहिला.

“दोन बहिनी शिकून राहिल्या माह्या,” तो म्हणाला. “बापाच्यानं आता निंदन होत नाई. मले नोकरी पाहिजे, सर.” त्यानं नळ बंद केला. “पन ते आत्या नाई.”

“मग मी काय करू?”

“ते मले काहून इचारता? मी हंगामी हाओ.”

संमेलनाच्या दिवशी आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. तायडेला कुणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, त्याला ऐकायचं आहे. जठारपेठेतल्या त्या मांडवाच्या दारात केवड्याचं पाणी शिंपडणारे दोन स्वयंसेवक होते. त्यांनी तायडेला विचारलं, “कोनाकडचे?”

“व्याख्यात्याकडचा,” तायडे म्हणाला. त्याला तिसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली.

ज्यांनी ज्ञातिसंमेलन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्यासपीठावर ठराव चालू असतात आणि खाली सोयरिकी. पुढच्या रांगा वधूपित्यांच्या, मधल्या वरपित्यांच्या, आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे ते उभे असतात. व्याख्यान मधल्या वेळेत, म्हणजे जेवणाची तयारी होईपर्यंत असतं. मागच्या बाजूनं बासुंदीचा वास येत होता. अध्यक्षांनी प्रास्ताविकात आपल्या लोकांनी वऱ्हाडात काय काय केलं ते सांगितलं. ते ऐकून वऱ्हाडात इतरांनी काही केलं असेल याला जागा उरत नव्हती. मग ते म्हणाले, “हे सर्व रक्तात होतं. आता शास्त्रच आपल्याशी बोलेल.”

शास्त्र उठलं. खाकी कोट तोच होता.

सरांनी पुस्तकी मराठीत सुरुवात केली आणि सरळ ओकण्यापासून केली. रानकुत्रा मांस कसं गिळतो, ते पोटात किती उतरतं, परत काढताना मान कशी वाकवतो, पिल्लं त्याचं तोंड कसं चाटतात, हे त्यांनी फार प्रेमानं आणि कसलीही घाई न करता सांगितलं. बाजूला बसलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले. बासुंदीचा वास होताच. मग त्यांनी आपला सिद्धांत मांडला, नेहमीच्या ताकदीनं मांडला. भाऊ, बहीण, भाचे, पुतणे. अध्यक्ष डोळे मिटून मान हलवत होते.

“आता ती आत्या,” सर म्हणाले, आणि थांबले. त्यांनी तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. पुढचं सगळं ते बाळापूरच्या भाषेत बोलले.

“या टोळीत एक पांढऱ्या शेपटीची हाय. मी तिले आत्या मनलं. काहून मनलं? आपल्याकडं मनतेत मनून. आपन कोनालेबी काका मनतो, मामा मनतो. मी मनलं आन् मले ते खरंच वाटलं. निबंधात लिहून बसलो. ते आत्या नाई. ते नदीपल्याडची हाय. तिचं या पिल्लायशी काय नातं, मले माईत नाई. बहुतेक काईच नाई. आन् तरी ते त्याइले चारून राहिली. म्हनजे माहा सिद्धांत अर्धा हाय. रक्त लागते, ते मी सोडत नाई, बाकीच्या सगळ्यायले मी जनमल्यापासून पाहिलं हाय, ते रक्तासाठीच करतेत. पन ते पुरत नाई. टोळीनं तिले राहू देल्लं, मनून ते चारून राहिली, का ते चारते मनून तिले राहू देल्लं, हे मले कळत नाई.”

‘कळत नाही’ हे शब्द सरांनी चारशे माणसांपुढं पहिल्यांदा उच्चारले. आवाज मात्र सिद्धांत सांगतानाचाच होता, तेवढाच ठाम. अज्ञान इतक्या आत्मविश्वासानं मांडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पहिल्या रांगेतला फेट्याचा एक म्हातारा उठला. मला वाटलं, आता गडबड होणार.

“त्या कुत्रीले बाकीच्याईनं पंगतीत घेतलं काय?” त्यानं विचारलं.

“घेतलं,” सर म्हणाले. “शेवटी बसते, पन बसते.”

“आन् सोयरीक?”

“सोयरीक अजून पाहिली नाई.”

“ते पाहाले पाहिजे,” म्हातारा म्हणाला. “जेवनाचं काय, जेवू कोनीबी घालते.” आणि तो बसला. सरांनी मान डोलावली आणि खिशातून पेन्सिल काढून तो मुद्दा तिथंच लिहून घेतला. शास्त्रीय आक्षेप म्हणून तो उत्तम होता.

अध्यक्षांनी डोळे उघडले आणि आभार मानले. सरांनी रक्ताचं श्रेष्ठत्व निर्विवादपणे सिद्ध केलं आहे, असं ते म्हणाले. टाळ्या बऱ्याच झाल्या. पुऱ्या तळून झाल्याची वर्दी त्याच वेळी आली होती, त्यामुळे टाळ्यांचा नेमका हिशोब लावता येत नाही. अकोल्याच्या एका साप्ताहिकात व्याख्यानाचं वृत्त आलं, ‘रक्तातील सद्गुण’ याच मथळ्याखाली. त्यात आत्या नव्हती. सरांचा कोट मात्र ‘साधी राहणी’ म्हणून आला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. सर बाकावर तायडेशेजारी बसले. म्हणाले, “तुझी जागा गेली.”

“जाऊ द्या,” तायडे म्हणाला. “वाशीमच्या हायस्कूलात मागतेत सायन्सवाला.”

“तिथं रानकुत्रे नाहीत.”

“पोरं असतीन ना, सर.”

सरांनी विचारलं, “सोयरिकीचं म्हातारा म्हणाला ते तू नीट ऐकलंस का?” तायडेनं ऐकलं होतं. गाडी येईपर्यंत दोघं त्यावर बोलत राहिले. पांढऱ्या शेपटीचं पिल्लू या टोळीत निघालं तर काय समजायचं आणि नाही निघालं तर काय, असं ते होतं. मला त्यात घेतलं नाही. माझं साक्षीदार म्हणून काम संपलं होतं.

सरांनी छापायला पाठवलेला निबंध परत मागवून घेतला आणि पुन्हा लिहिला. ‘पित्याची बहीण’ खोडून तिथं ‘नातं अज्ञात’ असं घातलं. कुत्र्यांना नाती देणं त्यांनी कायमचं सोडलं आणि आकडे दिले. घरमालकीणबाईंना याचा फार त्रास झाला. डब्यावर ‘सात’ असं लिहिलेलं पाहून फूल कुणाला वाहायचं हे त्यांना समजेना.

जूनमध्ये तायडे कायम झाला. पुढं एम.एस्सी. झाला, सरांच्या मागं खातं त्यानंच चालवलं, आणि मेळघाटातल्या त्या खडकावर त्याचे विद्यार्थी पालथे पडू लागले. सर गेले तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. तीत तीन वक्त्यांनी अकोल्याच्या व्याख्यानाची कथा सांगितली. एका माणसानं भर मांडवात आपला सिद्धांत मोडून सत्य सांगितलं, त्या सत्याच्या तेजानं अध्यक्षांचंही मन पालटलं आणि एका लायक तरुणाला न्याय मिळाला, असं तिघंही म्हणाले. तायडे माझ्या शेजारी बसला होता. तो खाली पाहत होता. दुःखानं असेल असं आजूबाजूच्यांना वाटलं.

हेडक्लार्कनं आम्हा दोघांना त्याच जूनमध्ये सांगितलं होतं. अध्यक्षांच्या भाच्याला खामगावच्या एका तेलगिरणीत केमिस्टची नोकरी लागली होती. मामांनी शब्द टाकला होता, आणि पगार कॉलेजपेक्षा बरा होता. त्यानं अर्ज मागं घेतला. जागेसाठी अर्ज दोनच आले होते.